ढेकराचा कौल

—नाही नाही, नारळ तिथे नको, त्या ढिगावर तर अजिबात नको, गडगडत येतात आणि सीमाच्या पायावर पडतात, परवा अंगठा सुजला होता तिचा — इथे ठेवा, सोफ्यावर, तुमच्या बाजूला. बसा. चपला बाहेर काढल्यात ना? काढल्या असणारच, पॅसेजमध्ये बसलेत ते चपलेसकट कोणाला आत सोडत नाहीत. किती जण आहेत हो बाहेर? — नको, सांगू नका. तुम्ही एकटेच आत आलात ते बरं झालं. मीच सांगून ठेवलं होतं चंपाबाईंना, की आज एकच माणूस सोडा, आणि तो बाहेरचा सोडा, बिल्डिंगमधला नको, आमच्या गावचा तर नकोच नको. चंपाबाई तुमच्या वहिनी ना? सातव्या मजल्यावरच्या? त्या म्हणाल्या, आमचे भावोजी आहेत माझगावचे, गोदीत कामाला, शरच्चंद्र नाव, स्वभावाने गप्प आहेत आणि पोट चांगलं आहे. पोटाचं मीच विचारलं होतं. कशाला ते सांगतो. आधी आंबोळी घ्या.

घ्या हो, लाजता काय. काळ्या वाटाण्याची उसळ आहे, सीमाने सकाळी केली आणि गेली दादरला बहिणीकडे, संध्याकाळशिवाय येत नाही ती. सीमा म्हंजे आमची मंडळी. मी? मी नाही घेत. माझा उपास आहे. कसला म्हंजे — आहे एक. तुम्ही पोटभर खा. हा मुळा घ्या, कच्चाच, मीठ लावून. आणि हा सोडा, खालच्या दुकानातून मुद्दाम आणून ठेवलाय, थंड आहे, एका दमात प्यायचा बरं का, घोट घोट नाही. घोट घोट प्यायला की जोर निघून जातो.

तो फोन वाजू दे. बघू नका तिकडे. धम्मपाल आहे, खाली गेटजवळ उभा आहे टॅक्सी थांबवून, त्याला काय कामधंदा नाही.

तर तुमचं काय ते मला माहितीय, चंपाबाई बोलल्या. मुलगी अँटॉप हिलला बोलावतेय, बाबा इकडे या राहायला, आणि तुम्हाला माझगावची खोली सोडवत नाही. बरोबर? आणि कौल हवाय, जावं का राहावं. मिळेल. पद्धत सांगतो, म्हंजे नंतर गोंधळ नको. लांब ढेकर आला तर होय. तोकडा आला तर नाही. लागोपाठ दोन आले तर दिवाळीनंतर बघा. आणि ढेकराबरोबर आंबट पाणी घशाशी आलं, माझं तोंड असं वाकडं झालं, तर काम होईल पण नातेवाइकांत भांडणं होतील. आता हे काय मी नाही ठरवलं, हे गणपततात्यांनी ठरवलं, आमच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष, तुम्ही आत येताना दारातल्या खुर्चीवर बसलेले पाहिलेत ना, कानटोपीवाले, तेच. आमच्याकडे कोकणात देवाला कौल लावतात. पाषाणाला फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. पाषाण काय ढेकर देत नाही. पण तात्या म्हणाले गावाला पाषाण, मुंबईला वसंता. म्हंजे मी. वसंत परब, रिटायर्ड पंप ऑपरेटर.

हसताय? हसा. मी पण हसलो होतो आधी.

झालं काय, आम्ही तेव्हा चाळीत होतो, हा टॉवर उभा राहायचा होता अजून, इथेच करी रोडला, आमची चाळ होती तिथेच हा टॉवर उभा आहे, आता आपण जिथे बसलोय तिथे तेव्हा घारी फिरत होत्या. बिल्डरचा कागद आला होता सहीला आणि अर्धी चाळ म्हणत होती करा, अर्धी म्हणत होती फसवेल. मंडळाची पूजा होती. मी सकाळपासून काय खाल्लं असेल? शिरा, बटाटेवडे, परत शिरा, आणि मोठ्या किटलीतला चहा, कारण वाढायला मीच होतो, आणि वाढणाऱ्याचं तोंड बंद राहतं का? पूजा झाल्यावर तात्या गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. बा देवा म्हाराजा, तुजी लेकरां हय जमली आसत म्हाराजा — की सगळे, व्हय म्हाराजा! बिल्डरच्या कागदार सही करूची काय नाय, ह्येचो निवाडो तूच कर म्हाराजा — आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझा आला. काय आला होता! मी दाबत होतो हो, गाऱ्हाण्यात कोण देतो ढेकर, पण जेवढा दाबला तेवढा आतल्या आत मोठा होत गेला, आणि सुटला तो असा सुटला की समईची वात हलली असं सीमा सांगते. मी बघितली नाही वात, माझे डोळे पाण्याने भरले होते, छातीत आग पडली होती, मी एक हात छातीवर ठेवून भिंतीला टेकलो. आणि तात्या ओरडले, देव बोललो! वसंताच्या तोंडान देव बोललो! आणि चंपाबाई — तुमच्या वहिनी — सगळ्यात आधी त्या पाया पडल्या. मी म्हणतोय, अहो वडा, वडा! घसा बसलेला, आवाज घोगरा, कोणाला कळतंय? म्हणाले बघा, आवाजसुद्धा बदललो.

सह्या झाल्या. टॉवर झाला. चौदावा मजला मिळाला. आता सांगा, कोणाचं ऐकणार लोक, माझं का टॉवरचं?

सोडा संपवला नाहीत अजून? घ्या ना, गार आहे तोवर.

मग सुरूच झालं. पहिलं पार्किंग. मग सोसायटीची निवडणूक. मग गच्चीवर टाक्या कुठे बसवायच्या — आता ते मला खरंच माहीत होतं, सगळा जन्म पंपावर गेला माझा, मी तोंडाने सांगत होतो टाकी उत्तरेला बसवा, प्रेशर मिळेल, तर म्हणतात तुमचं मत नको, कौल द्या. मत नको! ढेकर तोकडा आला, टाकी दक्षिणेला बसली, वरच्या तीन मजल्यांना अजून पाणी नीट चढत नाही. आमच्यासकट. लिफ्ट अडकली दोन मजल्यांच्या मध्ये, आत माणसं होती, मेकॅनिकला फोन करायचा सोडून मला आणला खाली, मला बाहेर उभा करून म्हणतात, म्हाराजा, सुटतील ना? आणि मी दिला, लांब, आणि सुटली लिफ्ट! मी काय करू त्याला? श्रेयाचं, सेक्रेटरीच्या मुलीचं, लग्न माझ्यावर ठरलं — स्थळं दोन होती आणि ढेकर एकच, त्यात ती पोरगी माझ्याकडे डोळे वटारून बघतेय की काका, डोंबिवलीवाल्याच्या वेळेला द्या. दिला. सुखात आहे ती. आणि सोसायटीच्या मीटिंगच्या वहीत, खोटं सांगत नाही, लिहितात, ठराव लांब ढेकराने मंजूर.

आणि मला जे जे म्हणून होत होतं ते सगळं देवाच्या खात्यात. आता बघा, आडवा झालो की आतलं सगळं वर येतं, खोकला सुटतो, गुदमरायला होतं, म्हणून मी बसून झोपायला लागलो, उशा लावून — तर म्हणे वसंता तपाला बसतो. घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं, मी सारखा खाकरतोय — तर म्हणे मंत्र पुटपुटतो. दात आंबले माझे, गरम लागत नाही, गार लागत नाही, ॲसिडने दातांचं वरचं पॉलिश जातं म्हणे — तर म्हणे देवाला गरम नैवेद्य चालत नाही. सकाळी आवाज बसलेला असतो, तेव्हा तर दर्शनाला रांग, म्हणे देवाचा आवाज सकाळी ऐकायचा. खालच्या केमिस्टने सांगितलं पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, खाली विटा लावा. लावल्या. दुसऱ्या दिवशी विटांना हळदकुंकू! म्हणे सिंहासन आहे. अहो उतार आहे तो, उतार! पाणी उताराने खाली जातं, ॲसिड पण जातं, त्यात कसलं सिंहासन? पण एक सांगतो, कोणाला बोलू नका, पहिल्या रात्री त्या विटांवरच्या पलंगावर पडलो ना, तर मलाही क्षणभर वाटलं, आहे बुवा काहीतरी.

डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं? धम्मपाल, दुसरं कोण. परत वाजवतोय बघा. वाजू दे. धम्मपाल आणि मी एकाच कंपनीत, एकाच पंपावर, तो सुटला की मी चढायचो, मी सुटलो की तो. एकाच कँटीनचा चहा, तोच, ज्यात चमचा उभा राहायचा. आणि गंमत ऐका, त्यालाही हेच आहे. सेम! जळजळ, आंबट पाणी, ढेकर, सगळं. बाजूच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. पण ते बौद्ध, त्यांच्यात अंगात-बिंगात येणं चालत नाही, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिलेल्या आहेत, त्यामुळे त्याने ढेकर दिला की त्याची बायको म्हणते, चहा कमी करा. संपलं! ना नारळ, ना रांग. तो आला, माझ्या विटांवरचं कुंकू बघितलं, आणि म्हणाला, वश्या, लाज नाही वाटत, हा आजार आहे, चल. तात्या मध्ये पडले, म्हणाले देवाला डॉक्टर दाखवणार? तेव्हा जे वाजलं दोघांचं! तेव्हापासून धम्मपाल वर येत नाही. खालूनच फोन करतो. म्हणतो तुझ्या दारात वर येण्यापेक्षा मी लायसन ऑफिसच्या रांगेत दिवसभर उभा राहीन.

डॉक्टर अभय चांगला माणूस. त्याने चित्र काढून दाखवलं, ही अन्ननळी, हे पोट, आणि मधे एक झडप. अन्न खाली गेलं की झडप बंद, वर यायला नको. तुमची झडप सैल पडलीय, म्हणून पोटातलं ॲसिड वर येतं आणि नळीला आतून भाजतं. मी म्हटलं डॉक्टर, हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो म्हणाला, एकदम बरोबर. मग मला सगळं कळलं हो! व्हॉल्व्ह लीक झाला की काय होतं हे मला नाही कळणार तर कोणाला? पाणी उलटं येतं, पाइप आतून खातो, गंज धरतो, आणि कोणी बघितलं नाही तर एक दिवस — तर ते असो. म्हणाला सकाळी उपाशीपोटी ही गोळी, मग अर्ध्या तासाने खायचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. डाव्या कुशीवर झोपा. तळलेलं, तिखट, चहा कमी. पट्टा सैल बांधा. सोप्पं आहे. मी सगळं केलं. महिनाभरात जळजळ गेली. मी आडवा झोपलो हो, सरळ, लाकडासारखा, सकाळी उठून रडलो मी, इतकी झोप मला कधी लागली नव्हती.

आणि ढेकर बंद.

तुम्हाला कल्पना नाही काय झालं ते. लोक यायचे, नारळ ठेवायचे, प्रश्न विचारायचे, आणि मी आपला बसलोय, तोंड मिटून, पोटात एकदम शांत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ते माझ्या तोंडाकडे बघतायत, मी त्यांच्या. हळूहळू यायचे बंद झाले. तात्या म्हणाले, देव कोपलो. सीमाला हळदीकुंकवाला पहिली खुर्ची द्यायचे, ती परत मागे गेली, दाराजवळ. आणि मी — मी गॅलरीत उभा. मला सांगा, जन्मभर मला कोणी काही विचारलं होतं का? पंपावर असताना इंजिनियर यायचा, माझ्या हातातल्या मीटरकडे बघायचा, माझ्याकडे नाही. घरात वैभव, आमचा मुलगा, तो स्वतःची नोकरी ठरवून मोकळा, पुण्याला निघून गेल्यावर आईला कळवलं, मला आईने सांगितलं. आणि आता, देव झाल्यावर, तोच वैभव फोन करून म्हणतो, बाबा, गाडी घेऊ का, जरा कौल बघा ना. बाबा, बघा ना! असं म्हणाला तो. तर मग तुम्ही काय केलं असतं माझ्या जागी? खरं सांगा. मी गोळ्या बंद केल्या. डबीतली रोजची गोळी काढायची आणि तुळशीच्या कुंडीत खुपसायची. सीमा बघते, गोळ्या संपतायत, खूश आहे. तुळस पण मस्त आहे, तिला कसली जळजळ नाही.

हे तुम्हाला कशाला सांगितलं मी? विसरून जा. आलं तोंडातून. वर येणारं थांबत नाही ना माझं काही.

मुळा खा, मुळा. तो फक्त शोभेला नाही ठेवलेला.

तर चाललं होतं. परत रांग, परत पहिली खुर्ची, सगळं छान. फक्त श्रावणापासून भाकरी अडकायला लागली. इथे. छातीच्या मधोमध. पहिल्यांदा वाटलं घास मोठा घेतला. मग लहान घ्यायला लागलो. मग भाकरी सोडली, भात. मग भात पण थांबायला लागला, पाणी प्यायलं की पाणी पण वरच उभं, पाइप चोकअप झाल्यासारखं. आता पेजेवर आहे मी. बघा, हा शर्ट माझाच आहे, दुसऱ्याचा नाही, मी आत कमी झालोय. आणि कोणाला कळलं नाही. कसं कळेल? देवाला जेवताना बघायचं नाही, असं तात्यांनी ठरवलंय. ताट आत ठेवायचं, पडदा ओढायचा, मी जेवतो, मग हाक मारतो. सीमा पडद्याच्या पलीकडे पाठ करून उभी. मी इकडे डोळे पांढरे करतोय, भिंतीला धरून उभा राहतोय, घास खाली जावा म्हणून उड्या मारतोय हो, या वयात, स्वयंपाकघरात, आवाज न करता — आणि बाहेर ती हात जोडून. भरलेल्या ताटातलं मी पिशवीत घालतो आणि खाली कुत्र्यांना देतो. कुत्री धष्टपुष्ट झालीत आमच्या गल्लीतली. प्रसाद खातात म्हणून त्यांना कोणी हाकलत पण नाही.

धम्मपालला मात्र कळलं. आम्ही खाली कठड्यावर बसलो होतो, त्याने वडापाव आणला, मी म्हटलं भूक नाही, तो म्हणाला तुला? तुला भूक नाही? आणि माझ्या मनगटाला हात लावून बघितलं त्याने, असं, अंगठा आणि बोटात धरून. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अभयकडे उभा केला मला. आणि डॉक्टर, एरवी हसतो तो, तो हसला नाही. म्हणाला, इतकी वर्षं ॲसिडने नळी भाजलीय, आत सूज असेल, नळी आवळली असेल, औषधाने नाहीतर फुगा घालून मोकळी करता येते, किंवा — मी म्हटलं किंवा काय? म्हणाला, बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही, लगेच दुर्बीण घालून बघायचं. मी म्हटलं दुर्बिणीत दिसतं ना सगळं? म्हणाला सगळं दिसतं. तिथेच तर घोळ आहे ना. सगळं दिसतं.

आज आहे ती दुर्बीण. परळला. म्हणून उपास. कालच्या पेजेनंतर पोटात काही नाही. सीमाला सांगितलंय देवाचा उपास, आणि तिला दादरला पाठवलं. धम्मपाल गेटवर टॅक्सी थांबवून उभा आहे, आणि मी तुम्हाला आंबोळ्या वाढतोय.

कारण मला कौल हवाय, शरच्चंद्रराव. हसू नका आता. सगळ्यांना मी देतो, मला कोणी द्यायचा? माझा मीच कसा घेऊ, आणि घेऊ म्हटलं तरी पोट रिकामं, आत काही नाही, सकाळपासून बसलोय, विचारतोय, जाऊ का, जाऊ का, आणि आतून ब्र नाही. तात्यांना विचारणार? तात्या म्हणणार देव दुर्बिणीत मावत नाही. धम्मपालला विचारणार? तो कौल देत नाही, तो सरळ हात धरून नेतो, त्याचीच भीती वाटते. म्हणून मी म्हटलं, बाहेरचा माणूस आणा. ज्याला माझ्या बिल्डिंगचं पाणी नको, पार्किंग नको, मी बरा झालो काय, मेलो काय, काही फरक नको. पोट चांगलं असलेला. आता कळलं मुळा कशाला, सोडा कशाला? तुम्ही आत आल्यापासून मी तुमच्या गळ्याकडे बघतोय. द्या. लांब आला तर मी जातो. तोकडा आला तर टॅक्सी परत पाठवतो. जोर लावू नका, आपोआप यायला हवा. मी म्हणतो गाऱ्हाणं, तुम्ही नुसते बसा. बा देवा म्हाराजा — आवाज बसलाय माझा — हो तुजो वसंता, घाबरलोय म्हाराजा — त्येच्या नळीत काय आसा ता त्येका ठाऊक नाय म्हाराजा — कळला तर काय करूचा, ता पण ठाऊक नाय म्हाराजा — जावचा काय नाय जावचा —

अरे बापरे.

केवढा लांब.

नाही, थांबा, हा धरायचा नाही. नाही नाही. हा सोड्याचा होता, मला स्पष्ट वास आला. सोड्याच्या ढेकराला कौल म्हणत नाहीत, तो गॅस असतो, बाटलीतला आत गेला आणि बाहेर आला, त्यात देव कुठे आला? असं कोणीही सोडा प्यावा आणि —

मग माझे कशाचे होते हो? चहाचे. वड्याचे.

गप्प बसा. बोलू नका तुम्ही. काही बोलला नाहीत तरी बोलू नका.

ती टाकी दक्षिणेला बसली ती चहाने बसली. आणि लिफ्ट मेकॅनिकने सोडवली असणार, त्याला कोणीतरी फोन केला असणार मागच्या मागे. वैभवची गाडी — ती बरी चाललीय म्हणा.

थांबा, घेतो फोन. हॅलो — हां धम्मा. आहे रे. नाही, खाल्लं नाही काही, पाणी पण नाही, आईशपथ. नाही रे, घाबरलो नाही. — घाबरलोय. लय घाबरलोय. पाय हलत नाहीत माझे, सोफ्यावर बसलोय तसाच. धम्मा, तू वर ये. माहितीय रे, माहितीय तू काय म्हणाला होतास, तरी पण ये. लिफ्टने ये. पॅसेजमध्ये बसलेत सगळे, तात्या बोलतील काहीतरी, बोलू दे, त्यांच्यातून वाट काढून सरळ आत ये आणि मला धरून ने. सगळ्यांच्या समोरून ने. हां. ये.

येतोय तो. तुम्ही निघा आता. ताट राहू दे, मी उचलतो. नारळ तुमचा तुम्ही घेऊन जा, घरी खोबरं करा, चटणी करा. चंपाबाई विचारतील काय झालं, तर सांगा वसंता परब दवाखान्यात चाललाय, असंच सांगा, वसंता म्हणा, दुसरं काही म्हणू नका. — काय? तुमचा कौल? राहिलाच की तुमचा. जा हो मुलीकडे. जा अँटॉप हिलला. नाही, देव नाही बोलला, देवाचं माझ्यावर कशाला घालता, मी सांगतोय. जेवायला समोर कोणीतरी बसलेलं असेल तिथे, घास अडकला तर दिसेल त्यांना. निघा. आणि दार लावू नका, उघडंच ठेवा, तो येतोय.